भिंतीचं विरजण

माझ्या बायकोचं, सरोजाचं, वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बसम्माअक्का आमच्या दारात आल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

त्यांच्या घरी पाणी नव्हतं असं नाही. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे. मधे एकच भिंत, आणि दोन्ही घरांचे नळ एकाच पाइपावरचे. त्या आत आल्या, मधल्या भिंतीला उजवा हात लावला आणि तो तसाच ठेवून म्हणाल्या, "अण्णा, जरा पाणी द्या की."

याचा अर्थ आमच्या वस्तीत सगळ्यांना कळतो. शेजाऱ्याला भिंत सरकवून हवी असली की तो तोंडाने तसं बोलत नाही. येतो, भिंतीला हात लावतो, पाणी मागतो. पाण्याबरोबर गूळ मिळाला तर होकार. नुसतं पाणी मिळालं तर आत्ता नाही. कारण कुणी विचारायचं नाही, कुणी रागवायचं नाही. आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वर्ष होईपर्यंत पाणी मागायला जायचं नाही. अक्कांनी वर्ष पाळलं होतं. त्यावर एक दिवसही जास्त नाही.

मी नुसतं पाणी दिलं.

त्यांनी ते सगळं पिऊन टाकलं, भांडं ओट्यावर उपडं ठेवलं. "आमच्या अन्वीला जुळं आहे," त्या म्हणाल्या. अन्वी म्हणजे त्यांची सून. "मी काही मागत नाही हं. नुसतं सांगते."

"ऐकलं मी."

"ऐकणारच. तुम्ही ऐकायला कमी, तरी खिडकी उघडी असते ना. चटणी आणलीय, शेंगांची. तिखट आहे. रडायला आलं तर चटणीमुळं आलं म्हणा."

त्या गेल्या. मी दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून बसलो.

भिंत सरकवणं म्हणजे काय, ते आमच्या वस्तीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल.

आमची वस्ती सोलापुरात बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या जागेवर आहे. तिथे आधी बारा मजली इमारती बांधायचं ठरलं होतं. मग लागोपाठ दोन उन्हाळे असे आले की वीज दिवसदिवस जायची. शहरात ज्या उंच इमारती होत्या त्यांच्या लिफ्ट बंद, वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही, आणि काँक्रीटची घरं रात्रीसुद्धा तव्यासारखी तापलेली. म्हातारी माणसं वरून खाली उतरू शकली नाहीत. त्यात माणसं गेली. त्यानंतर ठरलं की इथे कडुलिंबाच्या झाडापेक्षा उंच घर बांधायचं नाही. पण माणसं मात्र उंच इमारतीत मावली असती तेवढीच मावली पाहिजेत, नाहीतर शहर शेतांवर पसरत जाणार.

मला वाटलं होतं हे जमायचं नाही. पण इमारत उंच गेली की तिच्याभोवती मोकळी जागाही तेवढीच सोडावी लागते. ती जागा गाड्या खातात. तीच इमारत आडवी पाडली, तीन मजली घरं पाठीला पाठ लावून बांधली, गल्ल्या अशा अरुंद ठेवल्या की एकाची सावली दुसऱ्यावर पडेल आणि अँब्युलन्स मात्र जाईल, मधे मधे सामाईक चौक ठेवले, की माणसं जवळजवळ तेवढीच मावतात. थोडी कमी पडतात. ती तूट कशी भरायची यावर इंजिनीअर लोकांनी बराच विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं, की शहरात सगळ्यात जास्त वाया जाणारी जागा म्हणजे रिकाम्या खोल्या. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली, दोन म्हातारी माणसं तीन खोल्यांना कुलूप लावून चौथीत बसलेली. आणि शेजारच्या घरात एका खोलीत सहा जण.

खोली उचलून शेजाऱ्याला देता येत नाही. पण भिंत सरकवता आली तर खोली आपोआप जाते.

म्हणून आमच्याकडे खांब आणि छत तेवढं कायमचं. दोन खांबांमधल्या जागेला आम्ही खण म्हणतो. घर खणांनी मोजतात. खणांमधल्या भिंतींवर कसलंच ओझं नसतं, आणि त्या जिवंत असतात.

जिवंत म्हणजे अशा. पाया खणताना निघालेली इथलीच माती घ्यायची. तिच्यात एक प्रकारचे जिवाणू सोडायचे. ते खातात, पितात आणि मातीच्या कणाकणांमधे चुन्याचा पातळ थर सोडतात. दहा-बारा दिवसांत माती दगडासारखी होते. भट्टी नाही, सिमेंट नाही. भिंत काढायची असेल तेव्हा दुसरे जिवाणू, दह्याला आंबट करतात त्यांचे चुलतभाऊ म्हणा, त्यांचं पाणी भिंतीवर फवारायचं. आंबटपणाने चुना विरघळतो आणि भिंत ओल्या मातीसारखी सुटून खाली येते. तीच माती पुढच्या खणावर नेऊन परत चोपायची. फक्त त्याआधी जुन्या भिंतीचा एक तुकडा न आंबवता बाजूला काढून ठेवायचा. त्या तुकड्यात चुना करणारे जिवाणू जिवंत असतात, इथल्या मातीची आणि इथल्या उन्हाची सवय झालेले. तो कुटून नव्या मातीत मिसळला की भिंत लागते. त्या तुकड्याला सरकारी कागदांत काहीतरी लांबलचक नाव आहे. सगळी वस्ती त्याला विरजण म्हणते.

अशी भिंत रात्री हवेतली ओल पिते आणि दिवसा ती सोडते. बाहेर डांबराला चप्पल चिकटत असते तेव्हा आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं.

पहिली भिंत ज्याची त्याने पायाने तुडवून करायची अशी पद्धत होती. आम्ही दोघं आणि बसम्माअक्का आणि त्यांचा मुलगा शिवलिंग, अशा चौघांनी मिळून ही मधली भिंत तुडवली. मी आयुष्यभर टॉवेल-चादरींच्या कारखान्यात मागावर होतो. सरोजाच्या माहेरी सुताला खळ लावायचा धंदा. ताणा मागावर चढवण्याआधी त्याला पिठाच्या पातळ कांजीतून काढतात, म्हणजे सूत तुटत नाही, तीच ही खळ. सरोजाने घरून पातेलंभर खळ शिजवून आणली होती. इंजिनीअरची पाठ वळल्यावर तिने ती मातीत ओतली.

"हे काय केलंस?" मी म्हणालो.

"सुताला लागते, तर मातीला का लागणार नाही?"

जिवाणूंना पीठ मिळालं. त्यांनी त्या जागी नुसता धुमाकूळ घातला. फळ्या काढल्या तेव्हा भिंतीला आमच्या बाजूने एक फुगवटा आलेला होता, खाली बसलं की खांद्याला लागेल असा. इंजिनीअर चिडला. तोडायलाच निघाला होता. मग त्याने ठोकून बघितलं, तर बाकी भिंतीपेक्षा तेवढाच भाग घट्ट. राहू दिला.

सरोजा त्या फुगवट्याला पाठ लावून बसायची. तिथेच लसूण सोलायची, तिथेच तांदूळ निवडायची, मागाच्या आवाजाने माझे कान गेलेले म्हणून तिथूनच ओरडून बोलायची. वर्षानुवर्षं टेकून टेकून तो तिच्या पाठीच्या आकाराचा झाला. माझ्या पाठीला तो नीट बसत नाही. खांद्याच्या फऱ्याखाली टोचतो. तरी मी वर्षभर तिथेच बसत होतो.

तिच्या साड्या आमची वनिता हैदराबादला घेऊन गेली. "पप्पा, तुम्ही त्या बघत बसाल," म्हणाली. उशीचा अभ्रा मी लपवून ठेवला होता. त्याचा वास पावसाळा संपायच्या आत गेला. माणूस गेल्याचं मला कळलं होतं. वास जाईल हे कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आधी भिंत-केंद्राच्या केतकी मॅडम भिंतीची ओल तपासायला आल्या. वयाने वनिताहून लहान. भिंतीला यंत्र लावता लावता त्यांनी फुगवट्याला थोपटलं.

"काका, शेजारच्या आजी म्हणत होत्या..."

"त्यांना पाणी दिलंय मी. गूळ नाही दिला."

"बरं." त्या यंत्रात बघत राहिल्या. "कधी द्याल तेव्हा नाकाला फडकं बांधायला विसरू नका. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत भिंत सोडवली, तर दहा वर्षांच्या फोडण्या एकदम बाहेर आल्या. सगळी गल्ली शिंकत होती."

"म्हणजे?"

"भिंत नुसती ओल पीत नाही ना. तिच्या छिद्रांत वाफ जाते तसे वासही जातात. तेल, धूर, अत्तर, घाम. तेलकट वास असतात ते चुन्याला धरून बसतात. पुढे नवा चुना साचतो आणि जुने आत बंद होतात. चुना विरघळला की सुटतात."

मी फुगवट्यावर हात ठेवला.

"माणसाचा वास?"

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. फुगवट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तोही असतो, काका. पण तो एकदाच मिळतो. भिंत सुटली की संपलं. आणि येतो तो उलटा येतो. शेवटी गेलेलं पहिल्यांदा बाहेर येतं. सगळ्यात जुनं सगळ्यात शेवटी."

त्या गेल्यावर मी खिडकीतून अक्कांना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या. मी पेल्यात पाणी दिलं आणि बशीत गुळाचा खडा ठेवला.

अक्का खड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढुसा? दोन नातवंडं येणार आहेत, अण्णा. मोठा फोडा की."

"एक अट आहे. हा फुगवटा मी ठेवून घेणार. विरजण दुसरीकडून काढा."

"घ्या की ओ. फुगवट्याचं काय करायचंय मला? मला आहे स्वतःचा."

मी भिंत दिली ती जुळ्यांसाठी दिली नाही. अक्कांना तसं वाटलं, मी वाटू दिलं.

भिंतीची पाळी यायला ऐन उन्हाळा उजाडला. केतकी मॅडमनी खाली कोपऱ्यातला एक तुकडा विरजणासाठी कापून काढला आणि ओल्या टोपलीत घालून अक्कांच्या घरी ठेवायला दिला. मग फुगवटा करवतीने अखंड सोडवला. भोपळ्याएवढा होता. तो मी पितळेच्या घंगाळात ठेवला. "वर ओलं फडकं ठेवा आणि रोज भिजवत जा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मरेल. आत जीव आहे."

अन्वीला माहेरी पाठवलं. अक्का पलीकडे नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी अलीकडे बसलो. फडकं बांधलं नाही.

फवारा मारल्यावर भिंत आधी काळी पडली. आंबट ताकाचा वास आला. मग माझं एकट्याचं वर्ष बाहेर आलं. करपलेला भात, उदबत्ती, बंद घर. ते मी ओळखलं आणि मला माझीच लाज वाटली.

आणि मग तिचं आजारपण आलं. मलम, फिनेल, गरम पाण्याची पिशवी, औषधाचं गोड सरबत, पोटात काहीच ठरत नसताना तिला मी भरवलेली पेज. मी तयार नव्हतो. उलटं येणार हे ऐकून माहीत असणं वेगळं. मला वाटलं उठून चौकात जावं. केतकी मॅडम म्हणाल्या, "काका, बाहेर बसता का?" मी मानेनेच नाही म्हणालो. तिला सोडून तेव्हा उठलो नव्हतो, आताही उठणार नव्हतो. ते सगळं परत एकदा काढलं.

मग भाजलेले शेंगदाणे आले. लसूण. अक्कांच्या बाजूने तव्यावरच्या कडक भाकरीचा धूर आला आणि त्यात मिसळला. आणि एका क्षणी, अगदी मागून, तिच्या केसांचं तेल. मेथी घालून घरी उकळायची ते. मी डोळे मिटले. ती न्हाऊन आली होती आणि माझ्या मागे उभी होती. मी वळलो नाही. वळलो असतो तर नुसती माती दिसली असती.

ते किती वेळ टिकलं सांगता येणार नाही. भिंतीचा वरचा भाग सुटला, धप्पकन खाली आला, आणि पलीकडे अक्का दिसल्या, डोळ्यांना पदर लावलेल्या.

"चटणीमुळं," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे घंगाळ होतं. त्यात सगळ्यात घट्ट तुकडा होता, सगळ्यात जास्त धरून ठेवलेला. आणखी एकदा ती भेटणार होती. कधी, ते मी ठरवणार होतो. एवढ्यावर मी नीट जेवलो त्या दिवशी.

नवी भिंत एक खण माझ्या बाजूला चोपली. माझ्याकडे स्वयंपाकाची जागा आणि एक खण उरला. मला तेवढा पुष्कळ होता. फळ्यांच्या मधे माती भरून झाली तरी कडेचा हातभर भाग उघडाच होता, तिथे आम्ही आमच्या कारखान्याची चादर टांगली. तेवढ्या दिवसांत दोन्ही घरं एकच असल्यासारखी झाली.

"अण्णा, तुम्ही झोपेत भांडता," एका सकाळी अक्का चादरीआडून म्हणाल्या.

"कुणाशी?"

"नाव घेत नाही. थोडं भांडता, मग पलीकडून उत्तर येत नाही म्हणून गप बसता."

मी चहा गाळत होतो. त्यांच्यासाठीही गाळला आणि कप चादरीआडून पलीकडे दिला.

फळ्या काढायच्या आदल्या दिवशी अन्वीला माहेरी कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. मुलगी आणि मुलगा झाले. वजनाने कमी, पण जिवंत. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस काचेच्या पेटीत ठेवू, मग घरी न्या, पण घर गार पाहिजे. एवढ्या लहान जिवांना ऊन सोसत नाही. बाहेर पारा सत्तेचाळीसवर होता.

फळ्या काढल्या आणि भिंत बसली. कोसळली नाही, ओल्या चिखलासारखी हळूहळू खाली बसली. अक्का बघत राहिल्या.

केतकी मॅडम आल्या. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग मातीत मिसळण्याआधी विरजण भिजवलेल्या टबाच्या तळाशी चिकटलेली माती चाटून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"यात मीठ कुणी घातलं?"

अक्कांनी पदर सारखा केला.

"आजी?"

"घातलं नाही ओ. दृष्ट काढली," अक्का म्हणाल्या. "भिंतीची. जुळं येणार म्हणून सगळी गल्ली बघून जात होती. त्या कोपऱ्यावरच्या घरातली तर दोनदा येऊन गेली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या."

"आणि ते मीठ?"

"दृष्टीचं मीठ वाटेत टाकत नाहीत. कुणी ओलांडलं तर त्याला लागतं. पाण्यात सोडायचं असतं. जवळ तेवढंच पाणी होतं."

केतकी मॅडमनी कपाळाला हात लावला. विरजणाला मूठभर खडं मीठ पुरेसं होतं, सगळं मेलं. माती चांगली होती, तेवढ्या मातीत ते मीठ काहीच नव्हतं. पण विरजण नव्हतं. केंद्रावरचं आणता आलं असतं, पण त्याला आमच्या मातीची सवय व्हायला महिना लागतो, या उन्हात लागेलच असंही नाही. दुसऱ्या गल्लीचं इथे चालत नाही, तिथली माती निराळी. आमच्याच गल्लीतल्या उभ्या भिंतींना उन्हाळ्यात खाच पाडायची बंदी, ओल तुटते आणि तडा जातो.

"बाळांना तिकडंच ठेवा अन्वीच्या माहेरी," मॅडम म्हणाल्या.

"पत्र्याचं घर आहे त्यांचं," अक्का म्हणाल्या.

एवढं बोलून त्या गप्प बसल्या. बसम्माअक्का गप्प बसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत रागावलेलं, रडलेलं, एकदा तर घसरून पडल्यावर नळाला शिव्या देताना बघितलं होतं. गप्प बसलेलं बघितलं नव्हतं. त्या माझ्या खणात नजर वळवत नव्हत्या. तिथे कोपऱ्यात घंगाळ होतं, वर ओलं फडकं. सकाळीच मी ते भिजवलं होतं.

दोघींनाही माहीत होतं. मलाही.

मी आत गेलो आणि घंगाळाशेजारी बसलो. फडकं काढलं. तुकड्याला तिच्या पाठीचा खोलगटपणा तसाच होता. नाक जवळ नेलं तर ओली माती, बाकी काही नाही. ती आत होती. मी रोज पाणी घालत होतो ते तिच्यासाठी घालत होतो, आणि त्या पाण्यावर जिवाणू जगले होते. तुकडा ठेवला असता तर एके दिवशी, फार आठवण आली की, मी त्याच्यावर आंबट पाणी टाकलं असतं. आणि त्यानंतर? त्यानंतर माझ्याकडे घंगाळभर चिखल उरला असता. हे मला आधीच कळत होतं. तरी तो एक दिवस मला हवा होता. अजूनही हवा आहे. खोटं कशाला बोलू.

चादरीपलीकडून, स्पीकरवर लावलेल्या फोनमधून, अन्वीचा आवाज येत होता. "आई, झाली का हो भिंत?" आणि अक्का म्हणत होत्या, "होईल की. तू जेवलीस का?"

सरोजाने हे ऐकलं असतं तर माझ्याकडे कसं बघितलं असतं ते मला माहीत आहे. ती बोललीही नसती. पातेलं काढलं असतं.

मी घंगाळ उचललं आणि बाहेर आणलं.

"हे चालेल ना?"

केतकी मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे तोंडाने मागत नाहीत ना काका."

"आंबवावं लागेल?"

"नाही. नुसतं कुटायचं. चुना विरघळणार नाही, त्यामुळे आतलं बहुतेक आतच राहील. नव्या भिंतीत जाईल." त्यांनी जरा थांबून सांगितलं, "पण हे एवढंच आहे आणि माती खूप. त्यांना वेगाने वाढवायला पाहिजे. खायला काहीतरी लागेल."

"खळ?"

त्या हसल्या. "एरवी मी ओरडले असते. आज घाला."

मी कधी खळ शिजवली नव्हती, पण शेकडो वेळा बघितली होती. पीठ गार पाण्यात कालवलं, आधण आल्यावर हळूहळू सोडलं, हाटत राहिलो. गाठी झाल्या. "ढवळा की ओ, दमलात का," अक्का मागून म्हणाल्या आणि पळी माझ्या हातून घेतली. त्यांना कंठ फुटला म्हणून मला बरं वाटलं.

तुकडा मी स्वतः कुटला. दुसऱ्या कुणाला देववला नाही. पहिला घाव घालताना हात थांबला, मग घातला. चौकात माती पसरली, त्यावर भुकटी टाकली, कोमट खळ ओतली आणि मी, अक्का आणि शिवलिंग, आम्ही तिघं तुडवायला लागलो. पहिल्या वेळी चौघं होतो.

उघडा चौक, भर दुपार, वाऱ्याची झुळूक नाही. खळीची वाफ पायांशी येत होती. तुडवता तुडवता अक्का एकदम थांबल्या.

"अण्णा."

"काय?"

"सरोजाक्का."

मलाही आला होता. कोवळ्या मातीत मिसळलेली खळ, आणि तिच्या खालून, अगदी थोडं, मेथीचं तेल. वर्षभर मला वाटत होतं की हा वास ओळखणारा मी एकटाच उरलोय. आम्ही दोघं चिखलात तसेच उभे राहिलो. शिवलिंग एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"तुडवा की आता," शेवटी अक्काच म्हणाल्या. "वाळेल."

भिंत लागली. मॅडमनी ठोकून बघितली, दगडासारखा आवाज आला. बाळं घरी आली तेव्हा त्या खणात माठाशेजारच्यासारखा गारवा होता. माझ्या बाजूने भिंत अगदी सपाट आहे. मी टेकून बघितलं. कुठे टोचत नाही. टोचत नाही म्हणून झोप लागत नाही.

महिना-दीड महिना गेला. एक दिवस खिडकीतून अक्कांचा आवाज आला.

"अण्णा, इकडं या. बघा तुमच्या बायकोनं काय केलंय!"

मी गेलो. अन्वी जमिनीवर बसून मुलीला पाजत होती, मुलगा मांडीशी झोपलेला. तिच्या पाठीशी भिंत होती, आणि भिंतीला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, फुगवटा आला होता. खळीचा. त्यांच्या बाजूला.

"आमच्या बाजूला पोट काढलंय बघा," अक्का म्हणाल्या. "एवढी वर्षं तुमच्याकडं राहून कंटाळली वाटतं."

"आई!" अन्वी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "अण्णा, मॅडमना सांगून तासून घ्यायचं का? पण टेकायला बरं वाटतंय. पाठ धरून ठेवते."

"राहू दे," मी म्हणालो.

मी भिंतीजवळ गेलो. मुलगी दूध प्यायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी फुगवट्याला उजवा हात लावला. गार होता. हात काढवेना.

"बसम्माअक्का," मी म्हणालो, "जरा पाणी द्या की."

अक्कांच्या हातातलं लाटणं थांबलं. "आता परत मागताय काय ओ भिंत?"

"नाही. नुसतं पाणी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि पेला भरून पाणी आणलं. बशीत गूळ होता. मोठा खडा फोडला होता.